टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेताना

साकोलीच्या आसपास धानाच्या बांध्यांमध्ये चिखलणीच्या दिवसांत अजूनही बैल दिसतात. ट्रॅक्टर आले, पण लहान बांधीत वळवायला बैलजोडीच सोयीची पडते. त्याच गावात एखादा वळूही मोकळा फिरत असतो. दोघांना शेजारी उभं करून मुलांना फरक विचारून पाहा. वळूचं वशिंड मोठं आणि मान जाड असते, छाती भारदस्त असते, आणि स्वभावाबद्दल तर बोलायलाच नको. बैलाचं वशिंड त्या मानानं लहान, तो अंगानं उंच आणि वागायला शांत. दोघे एकाच गाईचे गोऱ्हे असू शकतात. फरक एवढाच की, एकाला वेळेवर खच्ची केलेलं असतं. पूर्वी हे काम ठेचून, बडवून होई. आता पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्यानं कातडी न कापता वृषणाकडे जाणारी रक्तवाहिनी चिरडतात.

शेतकऱ्याला हे हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. वृषण काढले किंवा निकामी केले की सारं शरीर बदलतं. पण शरीराच्या एका टोकाला असलेला अवयव मानेला आणि वशिंडाला कसा काय हुकूम देतो, हा प्रश्न बराच काळ कोणी प्रयोग करून सोडवला नव्हता. १८४९ साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन इथे बेर्टहोल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं तो कोंबड्यांवर सोडवला. वृषण काढलेल्या कोवळ्या कोंबड्यांचा तुरा वाढला नाही, ते आरवलेही नाहीत. पण ज्यांचा एक वृषण सुटा करून पुन्हा पोटात ठेवला होता, ते मोठे होऊन झोकात आरवले, भांडले, कोंबड्यांच्या मागे लागले. पोट उघडून पाहिलं तेव्हा त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या होत्या, मूळच्या चेता मात्र तुटलेल्याच होत्या. म्हणजे निरोप जातो तो रक्तातून. संप्रेरकांचा विचार इथून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही, जरी तो शब्द यायला पुढे पन्नासहून अधिक वर्षं लागली.

त्यानंतरची एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे. १८८९ साली ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञानं, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पॅरिसच्या सभेत जाहीर केलं की आपली ताकद परत आली. जगभर खळबळ उडाली. पण टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि त्यांचा अर्क पाण्यातला होता. शिवाय वृषण हे संप्रेरक साठवून ठेवत नाही, तयार होईल तसं रक्तात सोडतं. त्यामुळे त्या अर्कात औषध नावापुरतंही नसावं. थोर माणूस होता, लबाडी करत नव्हता. त्याला खरोखरच बरं वाटलं होतं. आमच्याकडेही सुश्रुतसंहितेत वाजीकरणासाठी बोकडाच्या वृषणांचा प्रयोग सांगितलेला आहे, तेव्हा कल्पना जुनीच. खरा पदार्थ हाती लागला तो १९३५ साली. ॲमस्टरडॅममध्ये लाकर यांच्या गटानं बैलवर्गीय नरांच्या सुमारे शंभर किलो वृषणांतून दहा-एक मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन हे नाव दिलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी तो पदार्थ कोलेस्टेरॉलपासून तयार करून दाखवला. या दोघांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एवढं सगळं आम्ही वाचून जाणत होतो. गेली दोन वर्षं मात्र हाच पदार्थ औषध म्हणून आमच्या शरीरात टोचला जातो आहे, आणि तो बाहेरून घेताना काय काय कळलं ते शिक्षकमित्रांपुढे ठेवावं म्हणून हा लेख. यातला ‘आम्ही’ हा लिहिण्याच्या सवयीचा. माणूस एकच, वय सेहेचाळीस, घर साकोलीचं, पोट भरण्याचं काम प्रयोगशाळेत.

आमची कथा थोडक्यात अशी. दहावीची परीक्षा संपली त्या १९९५ च्या उन्हाळ्यात आम्हाला गालगुंड झालं. गालांवर गेरूचा लेप लागला. आठवड्याभरानं ताप पुन्हा चढला आणि दोन्ही वृषण सुजले. गालगुंडाचा विषाणू लहान मुलांना फारसा त्रास देत नाही. पण वयात आलेल्या मुलग्यांत दर चार-पाचांपैकी एकाच्या वृषणाला तो गाठतो. बहुतेकांना एकाच बाजूला, आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. दोन्ही बाजूंना होऊन कायमची इजा होणं विरळा. आम्ही त्या विरळ्यांतले. लग्नानंतरच्या तपासणीत शुक्राणू शून्य निघाले. आमची मुलगी दत्तक आहे आणि आता ती सातवीत आहे. तेव्हा टेस्टोस्टेरॉन मात्र काठावर का होईना, पुरेसं होतं. वृषणात शुक्राणू तयार करणारी नलिका वेगळी आणि टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी वेगळ्या. पहिल्या नाजूक, दुसऱ्या चिवट. चिवट पेशींनीही चाळिशीनंतर हात टेकले. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चालू लागलं, दुपारी पेंग येऊ लागली, हिमोग्लोबिन ११.८ वर आलं आणि लोहाच्या गोळ्यांनी हलेना. हाडांची घनता मोजली तर ती वयाच्या मानानं कमी होती.

यातलं एकही लक्षण एकट्यानं काही सिद्ध करत नाही. थकवा कोणाला नसतो? म्हणून पहिला धडा मोजण्याचा. टेस्टोस्टेरॉनची रक्तातली पातळी सकाळी सर्वांत जास्त असते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. जेवणानंतरही ती खाली येते. ताप, आजारपण, जागरण यांनीही घटते. त्यामुळे रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचं असतं. साकोलीहून पहिली बस धरून शंभर किलोमीटरवरच्या नागपूरला पोचणारा माणूस वाटेत पोहे खाऊन साडेअकराला रक्त देतो, आणि कमी आकडा घेऊन घरी येतो. असा आकडा उपचार सुरू करायला पुरेसा नाही. आमचे आकडे, साकोलीतच सकाळी आठला दिलेल्या रक्ताचे, १८८ आणि १७४ आले. एकक: नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. निरोगी तरुण पुरुषात ते साधारण ३०० ते १००० असतं, स्त्रियांमध्ये पन्नासच्या अलीकडे-पलीकडे. हो, स्त्रियांच्या रक्तातही टेस्टोस्टेरॉन असतंच.

हे एकक मुलांना समजवायची एक युक्ती. समजा पातळी ५०० आहे. माणसाच्या शरीरात रक्तद्रव सुमारे तीन लिटर, म्हणजे तीस डेसिलिटर. गुणाकार केला तर १५,००० नॅनोग्रॅम, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. आपल्या भागातल्या तांदळाचा एक दाणा वीस मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. अख्ख्या रक्तद्रवातलं टेस्टोस्टेरॉन त्या एका दाण्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी! वशिंड आणि मिशा, आवाज आणि हाडं, सगळा कारभार एवढ्यावर चालतो. अर्थात ते सतत वापरलं आणि मोडलं जातं, म्हणून वृषणं दिवसाला सहा-एक मिलिग्रॅम तयार करतात. आता हा ‘सहा’ लक्षात ठेवा.

आमच्या अहवालातला आणखी एक आकडा डॉक्टरांना जास्त बोलका वाटला. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी एल.एच. नावाचं संप्रेरक सोडून वृषणांना काम करायला सांगते. घराच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो, तशी ही व्यवस्था आहे. टाकी भरली की गोळा वर येतो आणि नळ बंद. पाणी उतरलं की नळ उघडा. टेस्टोस्टेरॉन पुरेसं असलं की मेंदू एल.एच. कमी करतो, कमी पडलं की वाढवतो. आमचं एल.एच. २४ होतं, नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दुपटीहून जास्त. म्हणजे नळ पूर्ण उघडा, तरी टाकी रिकामी: दोष वृषणात. याउलट टेस्टोस्टेरॉनही कमी आणि एल.एच.ही कमी असतं, तर दोष वर, पियूषिकेत किंवा तिच्याही वरच्या केंद्रात शोधावा लागला असता. तिथे कधी कधी गाठ निघते. केवळ ‘टेस्टोस्टेरॉन कमी आहे, द्या इंजेक्शन’ असं म्हणणारा माणूस गळक्या टाकीत बादलीनं पाणी ओतत असतो. गळती कुठे आहे ते त्यानं पाहिलेलंच नसतं.

मग औषध. टेस्टोस्टेरॉन तोंडानं साधं गिळलं तर आतड्यातून थेट यकृतात जातं आणि तिथेच बहुतेक सारं मोडतं. यकृताला मोडता येऊ नये म्हणून त्याच्या रेणूला मिथाइल गट जोडला, तर यकृतालाच इजा होते. ती गोळी आता मागे पडली आहे. कातडीला लावायचं जेल असतं. ते रोज लावावं लागतं आणि ओल्या जेलचा स्पर्श लहान मुलांना होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. सर्वांत स्वस्त मार्ग तेलातल्या इंजेक्शनचा. टेस्टोस्टेरॉनला मेदाम्लाची शेपटी जोडली की ते तेलात छान विरघळतं, स्नायूत त्या तेलाचा साठा बसतो आणि हळूहळू झिरपतो. आम्हाला सुरुवातीला त्यातलं एनान्थेट दिलं, २५० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी.

इथे आमच्यातला गणिताचा विद्यार्थी जागा झाला. २५० मिलिग्रॅमपैकी शेपटीचं वजन वजा केलं तर टेस्टोस्टेरॉन उरतं १८० मिलिग्रॅम. दिवसाला सहा या हिशेबानं तीस दिवसांची बेगमी एका सुईत. मग एकवीस दिवसांतच दुसरी सुई का? कारण झिरपण्याचा वेग एकसारखा नसतो. साठा जास्त तेव्हा झिरपणं जास्त, साठा घटला की झिरपणंही घटतं. या औषधाचं अर्धायुष्य साधारण साडेचार दिवस धरतात. दर साडेचार दिवसांनी निम्मं, असं एकवीस दिवसांत साडेचारहून थोडं जास्त वेळा. २५० चा आकडा घेऊन निम्मं करत जा: १२५, ६२, ३१, १६... तिसऱ्या आठवड्याअखेर पंचविसावा हिस्साही राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळी निसर्गात नसते इतकी वर, आणि अठराव्या दिवशी उपचाराआधी होती तिथे.

हा आलेख कागदावर करवतीच्या दातांसारखा दिसतो, आणि शरीराला तो तसाच जाणवतो. पहिल्या आठवड्यात आम्ही पहाटे उठून घरच्या बांधावर चालून येत असू आणि प्रयोगशाळेत कनिष्ठांवर खेकसत असू. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही बंद. पत्नीनं भिंतीवरच्या कालनिर्णयावर इंजेक्शनच्या तारखेभोवती गोल काढायला सुरुवात केली. तिला आमच्या स्वभावावरून किती दिवस उलटले ते सांगता येई. डॉक्टरांना हे तारखांसकट सांगितलं तेव्हा त्यांनी मात्रा लहान आणि वारंवार केली. दर आठवड्याला घेतलं तर पुढच्या सुईच्या वेळी मागच्या मात्रेचा एक-तृतीयांश अजून शिल्लक असतो, त्यामुळे दरी उथळ होते. एकूण औषध तेवढंच, फक्त वाटणी बदलली. पाटाचं पाणी एकदम सोडून बांधी फोडायची की पाळीपाळीनं द्यायचं, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. पुढे आम्हाला लांब शेपटीचं अनडेकॅनोएट दिलं. ते एकदम १००० मिलिग्रॅम, कमरेच्या स्नायूत सावकाश टोचतात आणि बारा-एक आठवडे पुरतं. तेलाचे बारीक थेंब फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ येऊ शकते, म्हणून दवाखान्यात अर्धा तास बसवून ठेवतात.

आता ब्राऊन-सेकार. पहिल्या इंजेक्शननंतर दुसऱ्याच दिवशी आम्हाला अतिशय हलकं वाटलं. या वाटण्याला शास्त्रीय किंमत शून्य. वेगवेगळ्या ऊतींना प्रतिसाद द्यायला वेगवेगळा काळ लागतो. कामेच्छेत फरक तीन ते सहा आठवड्यांत कळू लागतो. स्नायू आणि चरबी यांचं प्रमाण बदलायला तीन-चार महिने. हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी चढू लागतं आणि वर्षभर चढत राहतं. हाडांचं तर सहा महिन्यांनंतरच मोजण्यात अर्थ, आणि सुधारणा पुढे काही वर्षं चालते. दुसऱ्या दिवशीचा उत्साह हा बहुतांशी अपेक्षेचा परिणाम होता. आम्ही त्याची नोंद वहीत केली आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. आमचं हिमोग्लोबिन आठ महिन्यांनी १४.९ झालं, त्यापुढे प्रश्नचिन्ह नाही.

हाडांवरून एक गंमत सांगण्यासारखी. टेस्टोस्टेरॉनला ‘पुरुषी संप्रेरक’ आणि इस्ट्रोजेनला ‘स्त्रीचं संप्रेरक’ म्हणायची पाठ्यपुस्तकी सवय आहे. प्रत्यक्षात पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग एका विकराकडून इस्ट्रोजेनमध्ये बदलला जातो, आणि पुरुषाची हाडं बळकट ठेवण्यात या इस्ट्रोजेनचा वाटा मोठा आहे. १९९४ साली अमेरिकेत एका पुरुषाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना जनुकीय दोषामुळे इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हतं. टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही त्याची हाडं ठिसूळ होती आणि अठ्ठाविसाव्या वर्षीही तो उंच होतच होता, कारण लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या मिटल्याच नव्हत्या. त्या मिटवण्याचं काम इस्ट्रोजेनचं. कोवळ्या वयात खच्ची केलेला गोऱ्हा वळूपेक्षा उंच का होतो, त्याचं उत्तर इथे आहे: टेस्टोस्टेरॉन नाही, म्हणून त्यापासून होणारं इस्ट्रोजेन नाही, म्हणून वाढीच्या पट्ट्या उशिरा मिटतात.

हिमोग्लोबिन वाढणं चांगलं, पण त्याला वरची मर्यादा आहे, आणि टेस्टोस्टेरॉनच्या उपचारात सर्वांत जास्त सांभाळावं लागतं ते इथेच. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला लावतं आणि शरीरातलं लोह मोकळं करतं. रक्तात पेशींचा वाटा किती, हे हिमॅटोक्रिट या तपासणीनं कळतं. तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवतात, कारण दाट रक्त गुठळ्या करू शकतं. पहिल्या वर्षी तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा ही तपासणी चुकवायची नाही. सोबत चाळिशीनंतर प्रोस्टेटची. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांना, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना हा उपचार देत नाहीत.

पूर्व विदर्भात याला आणखी एक पदर आहे. इथे सिकलसेल घरोघरी माहीत असलेला शब्द आहे. २०२३ साली त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, शाळांतून तपासणी होते. सिकलसेलच्या रुग्णाच्या कोयत्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, आणि वृषणांच्या रक्तवाहिन्याही त्यातून सुटत नाहीत. अशा मुलांचं वयात येणं बऱ्याचदा लांबतं, आणि मोठेपणी काहींचं टेस्टोस्टेरॉन कमी राहतं. म्हणजे औषधाची गरज असणारे इथे आहेत, आणि रक्त दाट करणारं हे औषध त्यांना देताना जास्तीत जास्त सावध राहावं लागणार तेही इथेच. हा निर्णय सिकलसेल जाणणाऱ्या आणि संप्रेरकं जाणणाऱ्या अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो.

आता टाकीतल्या गोळ्याकडे पुन्हा वळू, कारण लोकांच्या ध्यानात न येणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथे आहे. बाहेरून बादलीनं टाकी भरली तर गोळा वर जातो आणि नळ बंद होतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू समाधानी होतो, पियूषिका एल.एच. आणि एफ.एस.एच. सोडणं जवळजवळ थांबवते आणि वृषणं काम बंद करतात. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची तीव्रता रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागते, तेव्हाच शुक्राणू पिकतात. इंजेक्शनानं रक्तातली पातळी भरते, वृषणातली मात्र कोसळते. शुक्राणू काही महिन्यांत अत्यंत कमी होतात, पुष्कळांत शून्यावर येतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम एनान्थेटची चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. तेव्हा मूल होत नाही म्हणून ‘ताकदीचं’ इंजेक्शन घेणारा नवरा नेमकं उलट काम करत असतो. आमच्या बाबतीत गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून हा तोटा आम्हाला लागू नव्हता. पंचविशीतल्या माणसाला तो पूर्ण लागू आहे. दोष पियूषिकेत असेल आणि मूल हवं असेल, तर टेस्टोस्टेरॉन न देता एल.एच.सारखं काम करणारी इंजेक्शनं देऊन वृषणांनाच जागं करतात.

हेच गणित व्यायामशाळेतल्या मुलांना लागू पडतं, आणि त्यांची आम्हाला खरी काळजी वाटते. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी महामार्गाच्या कडेनं पहाटे धावणारी पोरं आपण रोज पाहतो. त्यांतल्या एकाला आम्ही ओळखतो. दंड लवकर भरावेत म्हणून त्यानं कोणाच्या तरी सल्ल्यानं चार महिने सुया घेतल्या. वेष्टनावर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं होतं. चिठ्ठी कोणी मागितली नाही. दंड भरले. सुया थांबवल्या तेव्हा बाहेरची बादली बंद झाली, आणि गंजलेला नळ लगेच उघडेना. थकवा, उदासी, झोपेची खराबी असे सहा महिने त्यानं काढले, आणि भरती हुकली ती हुकलीच. बहुतेकांचा नळ काही महिन्यांत पुन्हा वाहू लागतो, काहींना वर्षाहून जास्त लागतं. निरोगी वृषणं असलेल्या मुलाला ही सुई देणं म्हणजे वाहत्या विहिरीवर टँकर आणून विहीर बुजवणं आहे.

चाळिशी-पन्नाशीच्या लोकांचं काय? जाहिरातींवर जाल तर प्रत्येक थकलेल्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं आहे. वयाबरोबर पातळी थोडी उतरते हे खरं, पोट सुटलं की जास्त उतरते, आणि वजन कमी केलं की बरीचशी परत चढते. पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवरच्या अमेरिकी चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ साली आले: कामजीवनात मध्यम सुधारणा, पण उत्साह किंवा दमसास यांत सांगण्यासारखा फायदा नाही. २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीत पाच हजारांहून अधिक पुरुष होते, हृदयविकार असलेले किंवा होण्याचा धोका असलेले. त्यांत झटक्यांचं आणि हृदयविकाराच्या मृत्यूंचं प्रमाण औषधानं वाढलं नाही, मात्र हृदयाची लय बिघडणं आणि फुप्फुसात गुठळी होणं काहीसं वाढलं. आणि २०२४ मध्ये त्याच चाचणीतून निघालं की औषध घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचं प्रमाणही थोडं जास्त होतं! हाडांची घनता वाढवणारं औषध आणि अस्थिभंग जास्त, हे कोडं अजून सुटलेलं नाही. वृषण किंवा पियूषिका खरोखर निकामी झालेल्या माणसाचा आणि वयानं थोडा मंदावलेल्या माणसाचा हिशेब एका कागदावर मांडता येत नाही, एवढं आम्ही यातून घेतलं.

वीर्य आणि ताकद यांबद्दलचे गैरसमज आपल्याकडे किती खोल आहेत ते शिक्षकांना सांगायला नको. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’मधून त्यांच्याशी लढले. आमच्या शाळेत तरीही शंभर थेंब रक्ताचा एक थेंब हा हिशेब पोरं एकमेकांना गंभीरपणे सांगत. वीर्य आणि टेस्टोस्टेरॉन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक नलिकेतून बाहेर जातं आणि दुसरं रक्तात, त्यामुळे पहिल्यानं दुसरं ‘संपत’ नाही, एवढं एक वाक्य आठवीच्या वर्गात बोललं गेलं तरी पुष्कळ पोरांची झोप परत येईल.

शाळेत दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. गालगुंडाची साथ आली की वरच्या वर्गातल्या ज्या मुलाला ताप परत चढतो आणि वृषण दुखतो, त्यानं लाजून ते दडवू नये. त्याला विचारणारं कोणी मोठं माणूस हवं. एका बाजूला अचानक तीव्र दुखू लागलं तर तो वृषणाला पीळ पडण्याचाही प्रकार असू शकतो, आणि तिथे काही तासांतच शस्त्रक्रिया लागते. गालगुंडाला लस आहे. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आलेली गोवर-रुबेलाची लस वेगळी, तीत गालगुंडाचा घटक नाही. तिन्हींची एकत्र लस बालरोगतज्ज्ञांकडे मिळते.

दुसरं, क्लाइनफेल्टर. सुमारे सहाशे मुलग्यांमागे एकाला एक्स गुणसूत्र एक जास्त असतं. त्याची वृषणं लहान राहतात, तो बहुधा उंच असतो, काहींना भाषेचा अभ्यास जड जातो. सहाशे मुलगे असलेल्या शाळेत असा एक असण्याची शक्यता बरीच, आणि बहुतेकांचं निदान होतच नाही, किंवा लग्नानंतर होतं.

आणि तिसरं, उशिरा वयात येणारा मुलगा. दहावीतही आवाज फुटलेला नाही, वर्गात सर्वांत बुटका, स्नेहसंमेलनात त्याला हमखास मुलीचं काम देतात आणि नंतर वर्षभर त्याच नावानं हाक मारतात. चौदा वर्षं पूर्ण होऊनही वृषणांची वाढ सुरू झाली नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. आपल्या जिल्ह्यात त्याचबरोबर सिकलसेलची तपासणी झाली आहे का तेही विचारावं. पुष्कळदा काहीच बिघडलेलं नसतं, बापही असाच उशिरा वाढलेला असतो, आणि थांबणं एवढाच उपचार. मुलगा फारच खचला असेल तर तज्ज्ञ डॉक्टर महिन्याला ५० मिलिग्रॅमसारखी लहान मात्रा तीन ते सहा महिने देतात. इतक्या कमी मात्रेनं वाढीच्या पट्ट्या अकाली मिटत नाहीत. त्याला चार केस फुटतात, आवाज घोगरा होऊ लागतो, उंची सरकते. मग सुई बंद करतात, आणि बहुतेक मुलांत तोवर त्यांची स्वतःची पियूषिका जागी होऊन पुढचं काम हाती घेते.